न कळवलेलं मरण

“कोणी काही म्हणा… आज मी गुड्डूले सांगणार हाय! त्याचा बाप गेला म्हणून सांगणार हाय! या बारीनं मी तोंड दाबून नाही बसणार!”

हिराच्या या शब्दांनी दारात जमलेल्या बायांचं रडणं एकदम थांबलं. भिलाईत पावर हाउसच्या मागच्या बाजूला, छावनी वस्तीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरापुढे केवलरामचा निष्प्राण देह चटईवर ठेवलेला होता. पोळा कालच झाला होता आणि गल्लीतल्या लेकरांचे मातीचे बैल अजून भिंतीकडेला तसेच पडले होते. हिरा नवऱ्याच्या पायाशी बसली होती. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता… दोन वर्षं ज्या माणसाचा प्रत्येक श्वास तिने आपल्या कानांनी मोजला होता, तो श्वास पहाटे थांबला तेव्हा जणू तिच्या आतलंही काहीतरी गोठून गेलं होतं!

शेजारची सिंधुताई वयाने आणि अनुभवाने सगळ्यांत मोठी. ती जवळ सरकून दबक्या आवाजात म्हणाली, “हिरा, थंड्या डोक्यानं विचार कर वो. पोरगा परदेशात हाय. तिकडं एकटाच तडफडत राहीन.”

“मागच्या बारीनं तुमीच मले शिव्या दिल्या होत्या ना सिंधुताई? बाप मेला तरी भावाले कळू दिलं नाही म्हणून?”

सिंधुताईने मान खाली घातली. खोटं काय होतं त्यात? सगळ्या छावनीने दिल्या होत्या शिव्या! आणि हिराने त्या मुकाट्याने पदरात घेतल्या होत्या…

केवलराम आमगावकडचा. गावात घरची शेती नाही. रोजगार योजनेचं मातीकाम निघालं की चार-सहा आठवडे हाताला काम, ते संपलं की पुन्हा रिकामे हात आणि रिकामं घर. म्हणून तो भिलाईला आला आणि एका गिट्टीच्या क्रशरवर ट्रक भरायला लागला. गावातली भूक गेली खरी, पण दगडाची भुकटी छातीत बसत गेली, आणि पन्नाशीच्या आत त्या धिप्पाड माणसाचा नुसता हाडांचा सापळा उरला. एकुलता एक गुड्डू आयटीआयमधून वेल्डर होऊन निघाला, ठेकेदारांच्या मागे फिरून फिरून थकला, आणि अखेर मस्कतला गेला. दोन वर्षांचा करार! पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात जमा. मध्येच परत यायचं तर पदरच्या तिकिटाने यायचं आणि नोकरीवर कायमचं पाणी सोडायचं. व्हिसासाठी हे घर गहाण पडलेलं होतं, ते मग सुटायचं कसं?

हा व्हिसा गुड्डूला त्याच्या मामाने मिळवून दिला होता. भूषणने… हिराच्या पाठच्या भावाने. त्याच भूषणने, ज्याने आठ वर्षं या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता!

भूषण राहायचा ते स्मृती नगर इथून किती दूर? ऑटोने अर्धा तास. पण आठ वर्षांत ते अंतर कोणी कापलं नव्हतं. विदर्भातून येऊन इथे मुरलेल्या मराठी घरांनी छत्तीसगडच्या कितीतरी रीती आपल्याशा केल्या आहेत. त्यातलीच एक तीजाची. आपली हरतालिका तीच इथली तीजा, मात्र इथे लग्न झालेल्या लेकीने तो उपास माहेरी जाऊन करायचा असतो, आणि पोळा आटोपला की भावाने जातीने येऊन बहिणीला न्यायचं असतं. लेक कितीही म्हातारी होवो, नातवंडांची आजी होवो, भाऊ दारात येणारच! आणि न बोलावता कोणी जात नाही. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया पिशव्या भरून भावांच्या गाड्यांवर बसत, आणि हिरा कामाचं निमित्त काढून घराच्या मागच्या बाजूला जाऊन बसे. केवलराम म्हणायचा, “मीच नेऊन सोडू का तुले त्याच्याकडं?” ती म्हणायची, “मले काय करायचं माहेर!” पण जगात तिला दुसरं काही नको होतं. भूषणने एकदा दारात यावं, ‘ताई, चल’ म्हणावं… बस्स!

आणि तो तरी कसा येणार? तिने केलं होतं तसंच…

हिराची आई लवकर गेली. बाप शामराव तुमसरकडून दुर्ग लाइनीवर कामाला आलेला, रेल्वेच्या कामाचे ठेके घेणाऱ्या एका माणसाकडे रुळांखाली गिट्टी ठोकणारा. ठेका संपला की कामही संपलं. आठवीत असतानाच हिराने शाळा सोडली आणि रेजा म्हणून बांधकामावर जाऊ लागली. डोक्यावर विटा वाहायच्या, संध्याकाळी येऊन भाकरी थापायची, आणि भूषणला कंदिलाजवळ बसवून म्हणायचं, “तू शिक रे बाबू. आपल्या घरात एकाच्या तरी हातात कागद असला पाहिजे.” तिचं लग्न लांबत गेलं, चांगली स्थळं हातची गेली, पण भूषण आयटीआय झाला! केवलरामशी लग्न करताना तिने एकच अट घातली होती, म्हातारा बाप आपल्याजवळ राहील. त्या देवमाणसाने हसत हसत मान डोलावली होती.

मग भूषण कतारला गेला. त्याचाही पासपोर्ट असाच कंपनीकडे जमा. आणि त्याच्या कराराचे थोडेच महिने उरले असताना शामरावांच्या पोटात पाणी झालं. डॉक्टरांनी हात टेकले. म्हातारा दिवसभर दाराकडे डोळे लावून पडलेला असायचा.

त्या दिवसांत म्हातारा काय बोलायचा, ते छावनीत कोणी ऐकलं नव्हतं. ते फक्त हिराने ऐकलं होतं, आणि आठ वर्षं आपल्या काळजात निखाऱ्यासारखं जपलं होतं…

शामराव गेले. हिराने स्वतः बापाला अग्नी दिला. आणि त्या दिवसापासून तिने जे नाटक सुरू केलं, ते आठवलं की आजही तिच्या अंगावर काटा येई! भूषणचा फोन आला की कधी बाबा तुमसरला गेले, कधी बाबांचे कान गेले, फोनवर काही ऐकूच येत नाही, कधी नेटवर्कच नाही. तेवढ्यात दिवाळी आली. ज्या घरात बापाला जाऊन दोन महिने झालेले नाहीत, त्या घरात सण करायचा नसतो, कढई चढवायची नसते. पण भूषण दिवाळीला व्हिडिओ कॉल करणार होता; अंधारं घर पाहून त्याला कळलं असतं! हिराने दारात आकाशकंदील लावला. रांगोळी घातली. करंज्या तळल्या… एक एक करंजी तेलात सोडताना हुंदका गिळत होती, आणि गल्लीतल्या बाया दारावरून जाताना थुंकत होत्या. “बाप मेला आणि ही करंज्या तळून राहिली! भावाच्या कमाईची चटक लागली हिले!”

तिकडे लक्ष द्यायला तिला सवड कुठे होती? समोर भाऊ मोबाईलच्या पडद्यावर हसत होता ना, “ताई, मस्त झाल्या वाटतं करंज्या! बाबांना दोन जास्त दे” म्हणत होता ना…

करार पुरा करून भूषण घरी आला तो थेट दारातूनच हाका मारत. “बाबा! ओ बाबा!” म्हाताऱ्याचे हात थरथरतात, दाढी करताना गाल कापतो, म्हणून त्याने दाढी करायचं मशीन आणलं होतं. मशीनचा डबा हातात धरून तो आत आला आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोपुढे उभा राहिला. पुढचं हिराला नीट आठवत नाही. त्याचा चेहरा तेवढा आठवतो. आणि ते शब्द…

“तू माह्या बापाचं मरण चोरलं ताई! आजपासून मले बहीण नाही!”

तेव्हा केवलराम मध्ये पडला होता. बायकोला वाचवायला तो साधाभोळा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला होता, “तिले बोल नको लावू भूषण. बाबांनीच सांगतलं होतं, पोराले बोलावू नका म्हणून. त्याची नोकरी जाईन म्हणून.” ते ऐकून भूषणचा चेहरा पांढराफटक पडला. तो मागे न बघता निघून गेला. पुढे त्याने आणखी एक करार केला, स्मृती नगरात लहानसं घर घेतलं, दुर्गच्या पद्मनाभपुरातली अनुजा त्याची बायको होऊन आली. हिराला लग्नाचं बोलावणं नव्हतं. गुड्डूवर मात्र त्याने कधी राग धरला नाही. भाचा मामाकडे जायचा, यायचा, आणि हिरा त्याच्या कपड्यांना नाक लावून भावाच्या घराचा वास शोधायची!

“हिरा… भूषण आला.”

सिंधुताईच्या कुजबुजीने ती भानावर आली. गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल लावून भूषण येत होता, मागे डोक्यावर पदर घेतलेली अनुजा. सिंधुताईनेच सकाळी अनुजाला फोन केला होता. किती बदलला होता तो! कानांवरचे केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण चालताना उजवा खांदा किंचित झुकवायची सवय थेट बाबांची. हिराच्या काळजात काहीतरी उसळलं… आणि तिची तिलाच शिसारी आली. समोर नवऱ्याचं प्रेत आणि आपल्याला भावाच्या पावलांनी आनंद व्हावा? देवा, किती गं मी पापी!

भूषणने तिच्याकडे पाहिलं नाही. तो केवलरामच्या पायांवर डोकं टेकवून बराच वेळ तसाच राहिला. मग उठला, सदरा काढला, आणि गड्यांना म्हणाला, “पुढचा खांदा माझा. अग्नी पण मीच देईन, गुड्डूच्या जागी.”

मुक्तिधामातून माणसं परत आली तेव्हा दुपार कलली होती. अंघोळी झाल्या, कडुलिंबाची पानं तोंडात टाकून जो तो आपापल्या घरी गेला. घरात हिरा, सिंधुताई आणि अनुजा एवढ्याच उरल्या. भूषण ओल्या धोतरावर उंबरठ्याबाहेर बसला होता. आत यायला पाय उचलत नव्हता त्याचा.

चहाच्या वेळेला गुड्डूचा फोन येणार होता. रोज ड्यूटी संपली की कॅम्पच्या बसमधूनच तो व्हिडिओ कॉल लावी. हिराने मोबाईल मांडीवर घेतला होता.

“ताई.”

आठ वर्षांनी ती हाक! हिराने मान वर केली नाही.

“सिंधुताई सांगून राहिल्या… तू गुड्डूले सांगणार हायेस म्हणून.”

“हो.”

“नको सांगू.”

हिराने झटकन वर पाहिलं. आपण ऐकलं ते खरं की भास, हे तिला कळेना.

“तू… तू म्हणून राहिला हे? तू?”

“ऐकून घे माझं. मी सकाळीच त्याच्या सुपरवायझरले फोन लावला होता. हातापाया पडलो, दिवस करायले तरी सोडा म्हणलं. तिकडं शटडाउन सुरू हाय ताई, सगळी मशीनं बंद करून रातदिवस दुरुस्ती चालते, अशा वक्ताले कोणालेच सोडत नाहीत. त्याले कळलं तरी तो येऊ शकत नाही! नुसतं कळन…”

“कळू दे मग! रडू दे त्याले! माह्या पोरानं उद्या येऊन मले म्हणावं का, की आई, तू माह्या बापाचं मरण चोरलं? एकदा ऐकलं रे ते मी… आता माह्यात दुसऱ्यांदा ऐकायची ताकद नाही राहिली!”

भूषणने डोळे मिटून घेतले. मग खाली मान घालून, अडखळत, जणू स्वतःशीच बोलावं तसा तो बोलू लागला, “दुसऱ्या बारीनं गेलो ना मी कतारले, तवा आमच्या खोलीत गोपालगंजचा एक पोरगा होता. वीस-बावीसचा. त्याची माय गेली, घरच्यांनी फोनवर सांगून टाकलं. शटडाउनच होतं तवा पण. ऑफिसात जाऊन लय रडला, पासपोर्ट नाही भेटला त्याले. मग गुमसुम झाला. जेवण नाही, बोलणं नाही. तसाच ड्यूटीवर जाय, वर पाइपावर चढून वेल्डिंग करे… दोन-तीन दिवसांनी वरून खाली आला. पाय घसरला का त्यानं स्वतःच… कोणाले ठाऊक? मीच उचललं त्याले. तवाच मनात आलं माह्या, याच्या घरच्यांनी सांगतलंच नसतं तर… घरी कोणीतरी एक दगडाच्या काळजाचं माणूस असतं, दोन महिने खोटं बोललं असतं, तर हा पोरगा…”

तो बोलता बोलता थांबला.

हिरा त्याच्याकडे एकटक पाहत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, होती फक्त वर्षानुवर्षांची थकलेली वेदना…

“मग मी काय केलं होतं भूषण?”

उंबरठ्याबाहेर बसलेला तो चाळिशी ओलांडलेला पुरुष लेकरासारखा कोसळला. कपाळ उंबरठ्यावर आपटून आपटून रडू लागला. “मले समजलं होतं ताई! त्याच दिवशी समजलं होतं… पण कोणतं तोंड घेऊन येऊ तुह्यापुढं? दर पोळ्याले गाडी काढो, पावर हाउसच्या चौकापर्यंत ये, आणि परत जाय. विचार अनुजाले! शरम वाटे… आणि एक सल पण होता आत. बाबांनीच सांगतलं ना, बोलावू नका म्हणून? मरतेवेळी पण त्यांना मी नाही आठवलो? माझी नोकरीच आठवली?”

केवलरामचं ते खोटं! हिराच्या रक्षणासाठी उभारलेलं, आणि ज्याच्या आडोशाला ती आठ वर्षं उभी होती. आता ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. भाऊ दारात आलेला होता, उंबरठ्यावर डोकं ठेवून रडत होता. मान डोलावली की तो तिचाच होता! आणि खरं सांगितलं तर? बापाची शेवटची इच्छा पायाखाली तुडवणाऱ्या बहिणीचं तोंड तरी तो पुन्हा पाहील का? पण जो ते खोटं बोलला होता त्याची चिता अजून विझली नव्हती… त्या माणसाच्या जिवावर आणखी किती दिवस लपायचं?

“नाही भूषण,” ती म्हणाली, “ते गुड्डूचे बाबा माह्यासाठी बोलले होते. बाबा तुलेच बोलावत होते… रोज! सकाळ-संध्याकाळ! ‘भूषणले बोलाव गं हिरा, एकदा पाहू दे’, बस एवढंच. मी नंबर लावो आणि वाजायच्या आधी कापून टाको. आणि बाबाले सांगो, हो बाबा, निघाला तो, गाडीत बसला, नागपूर आलं, गोंदिया आलं… ते दाराकडं पाहत पाहत गेले रे! मी तुह्याशीच नाही, मरणाऱ्या बापाशी पण खोटं बोलली. तुले जे म्हणायचं ते म्हण आता.”

अनुजाने तोंडावर पदर दाबला. सिंधुताई भिंतीला टेकली. भूषण ओल्या डोळ्यांनी बहिणीकडे पाहत राहिला, आणि हिरा शिक्षा ऐकायला बसलेल्या माणसासारखी मान खाली घालून बसली.

“बाबा… मले बोलावत होते?”

“हो.”

“रोज?”

“रोज रे…”

आणि भूषणने उंबरठा ओलांडला! गुडघ्यांवर सरकत येऊन त्याने बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवलं. “एवढंच ऐकायचं होतं मले ताई… आठ वर्षं एवढंच ऐकायचं होतं! कावून नाही सांगतलं? मी समजलो, बाबाले मी नको होतो…”

हिराने त्याच्या पिकल्या केसांवरून हात फिरवला. तिच्या अपराधाची कबुलीच त्याला औषध झाली होती! जे झाकलं म्हणून तो दुरावला, ते आधीच उघडं केलं असतं तर… पण आता तो हिशेब करून काय उपयोग? गेलेली वर्षं थोडीच परत येणार होती!

भूषणने डोळे पुसले. “आता ऐक. गुड्डूशी मी बोलतो. करार संपेपर्यंत मीच बोलत राहीन. तो परत येईन तवा शिव्या देईन, मारायले धावन, मामाचं तोंड पाहणार नाही म्हणन. सगळं माह्यावर. तू मधी यायचं नाही. मामानं सांगू नाही दिलं, एवढंच म्हणायचं.”

“नको रे… मले माहीत हाय ते जगणं काय असते. तुह्या वाट्याले नको.”

“माह्या वाट्याचं आठ वर्षं तू भोगलं ना?”

तेवढ्यात मांडीवरचा मोबाईल थरथरला. पडद्यावर गुड्डूचा हसरा फोटो. व्हिडिओ कॉल!

हिराने मोबाईल उचलला, आणि फोटोखाली कॅमेऱ्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला. तिने दचकून हात आखडता घेतला. सकाळीच बायांनी तिचं कपाळ पुसलं होतं, हातातल्या बांगड्या फोडल्या होत्या. हे कपाळ पाहिलं की पोराला काही सांगावं लागणारच नव्हतं…

फोन वाजून वाजून बंद झाला. “दोन मिनिटांत पुन्हा लावन तो,” भूषण घाईने उठला, आणि देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा घेऊन आला. “ताई, लाव.”

“अरे बाबू, काय पाप करून राहिला!” सिंधुताई किंचाळलीच. “आजच्या दिवशी? राख पण थंडी नाही झाली त्याची!”

हिरा करंड्याकडे पाहत राहिली. हात उचलेना. तेव्हा एवढा वेळ मुकी बसलेली अनुजा पुढे आली. लग्न झाल्यापासून या नणंदेशी ती कधी बोलली नव्हती. तिने आपल्या दोन्ही हातांतल्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि खाली बसून एक एक करत हिराच्या हातांत चढवायला लागली. “ताई, मला रीतभात कळत नाही असं नाही,” ती रडत रडत म्हणत होती, “पण तिकडे लेकरू उंचावर चढून काम करतंय हो…”

हिराने डोळे मिटले. मनातल्या मनात नवऱ्याला म्हणाली, ‘मला क्षमा करा… तुमच्या लेकासाठी लावते आहे.’ आणि बोटाने तिने आपल्या कपाळावर कुंकू टेकवलं.

फोन पुन्हा वाजला. भूषण तिच्या अगदी जवळ सरकून बसला, आणि त्यानेच बटण दाबलं.

“आई! फोन क्यूं नहीं उठा रही थी?” बसच्या खिडकीशी बसलेला, धुळीने माखलेला गुड्डू दिसला. आणि मग त्याचे डोळे विस्फारले. “अरे! मामा? तुम्ही? अपने घर में?”

भूषण हसला. ते हसू उसनं आणायला त्याला काय पडलं, ते फक्त शेजारी बसलेल्या हिराला कळलं.

“परवा तीजा हाय ना रे… तुह्या आईले घ्यायले आलो.”

ज्या शब्दांसाठी हिराने आठ पोळे वाट पाहिली, ते शब्द आज असे आले! देवा, तूच दिलंस आणि तूच…

“सच्ची? आई, सच्ची?” तिकडे गुड्डू सीटवरून उठून ओरडत होता, शेजारच्या पोरांना हलवून सांगत होता, “मेरे मामा आए हैं यार, मम्मी को तीजा ले जाने!” त्याचा आनंद त्या पडद्यात मावत नव्हता. “बाबा कुठे? बाबांना दे ना! ते तर खूश झाले असतील ना?”

“बाबा झोपले बेटा,” भूषण म्हणाला. “आत्ताच डोळा लागला. आज बिलकूल खोकला नाही.”

“मग नका उठवू, झोपू द्या. आई, तू आरामसे जा मामाकडे, आठ दिवस राहून ये. आणि ऐक ना… उपास एकदम कडक पकड हां या बारीनं, पाणी पण नको पिऊ. मी येईन ना, तर बाबा मला घ्यायला चालत स्टेशनवर आले पाहिजेत!”

पदराखाली भूषणने बहिणीचा हात घट्ट धरला होता.

“हो बेटा,” हिरा म्हणाली. आवाज कापला नाही, डोळे भरले नाहीत. “धरीन.”

“अच्छा, बस पोहोचली. बाद में लगाता हूं!”

पडदा काळा झाला. आणि पहाटेपासून दगड होऊन बसलेल्या त्या बाईच्या पोटातून असा हंबरडा निघाला की सिंधुताईने कानांवर हात ठेवले. “अवो… गुड्डूचे बाबा!” भूषणने तिला छातीशी आवळून धरलं. तोही रडत होता. अश्रू तिच्या केसांत ओघळत होते. एका हाताने तो तिची पाठ थोपटत होता, दुसऱ्या हातात मोबाईल तसाच होता.

“हळू ताई… हळू रड,” तो तिच्या कानाशी म्हणाला. “पोरगा पुन्हा फोन लावन. डोळे सुजलेले दिसले तर विचारन तो.”

हिराने मान हलवली. पदराचा बोळा तोंडात धरून, भावाच्या कुशीत, ती आवाज न करता रडू लागली.